पहाटे चार वाजता रेडिओचा काटा कुठे लावायचा?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रात्री पावसाने जोर धरला, चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी, जिला आपण वर्षभर नालाच म्हणतो, ती अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, धरमपेठ करत सीताबर्डीपर्यंत लोकांच्या घरादुकानात शिरली. पंचशील चौकातला पूल खचला. केंद्राची आणि राज्याची बचाव पथकं, म्हणजे एनडीआरएफ आणि एसडीआरएफ, आली, आर्मी आली, ज्या रस्त्यावर आपण संध्याकाळी पाणीपुरी खातो तिथं बोटी फिरल्या. माणसं गेली त्यात. हजारो घरांतलं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात.

माझी मावशी तिकडंच राहते, तळमजल्यावर. वय बहात्तर, काका तिच्याहून मोठे आणि वॉकरवर चालणारे. चारच्या सुमारास तिचा फोन आला. लाइन म्हणजे वीज गेलेली, हॉलमधी घोट्याच्या वर पाणी, आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, बाबू, पाणी अजून वाढणार आहे का, आम्ही वरच्या मजल्यावर जाऊ का बाहेर निघू? मी मनीषनगरात बसून काय सांगणार? माझ्या मोबाईलवर तोवर तीन ग्रुपवर व्हिडिओ सुरू झाले होते. एकाने टाकलं, अंबाझरी फुटला, पळा. दुसऱ्याने टाकलं, फुटला नाही, ओव्हरफ्लो आहे, घरातच थांबा. आता या दोनपैकी खरं कोणतं यावर त्या दोन म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगलेला, कारण तलावाची भिंतच गेली असेल तर तिथं एक मिनिट थांबणं धोक्याचं, आणि नुसता ओव्हरफ्लो असेल तर वॉकरवाल्या माणसाला घेऊन अंधारात वाहत्या पाण्यात बाहेर पडणं त्याहून धोक्याचं. मी एका हेल्पलाइनला लागोपाठ फोन लावत राहिलो, एंगेजच. मधल्या वेळात मावशीने आलमारीवरून काकांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, नशिबाने सेल होते त्यात. काटा फिरवला. एका ठिकाणी गाणं, पुढं गेली तर तिथंही गाणं, मधी नुसती खरखर. शेवटी वरच्या फ्लॅटमधली पोरं खाली उतरली, काकांना खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेली, म्हणून निभावलं. नंतर एकदा मावशी मला म्हणाली, रेडिओ सुरू होता रे, पण त्यात कोणी नव्हतं.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावरूनच मी हे लिहून राहिलोय आणि माझं म्हणणं एकच आहे, की नागपूर शहराने संकटाच्या वेळी ऐकायचं एक रेडिओ स्टेशन आधीपासून ठरवावं, एकच, लेखी करार करून, आणि ते इतकं अंगवळणी पाडावं की पहाटे चार वाजता अंधारात मावशीचा हात काट्याला लागला की तो बरोबर तिथंच जाऊन थांबला पाहिजे. बाकी सगळं यातूनच निघतं.

आता माहिती नव्हती असं नाही न. सोनेगावला एअरपोर्टजवळ हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यांच्याकडे डॉप्लर रडार आहे, ढग कुठून कुठं सरकून राहिले ते तिथं स्क्रीनवर दिसतं. तलावाच्या सांडव्यावरून पाणी चाललंय हे तिथल्या माणसाला डोळ्यांनी दिसत असतं. पोलिसांना कोणता चौक बंद केला ते माहीत असतं, महावितरणला कोणत्या भागाची वीज बंद केली ते, अग्निशमनवाल्यांना बोट कुठं अडकली ते. म्हणजे मावशीला पाहिजे होतं ते उत्तर तुकड्या-तुकड्यात शहरात हजर होतं. ते तुकडे एका टेबलावर आणून एका माणसाच्या तोंडून सगळ्या शहराला सांगायची जागा कुठंच नव्हती. हे काम रेडिओ जसं करू शकतो तसं दुसरं कोणी करू शकत नाही असं मला मनापासून वाटतं. का ते सांगतो.

पहिला प्रश्न लोक हाच विचारतात की आता मोबाईल आहे, रेडिओ काहून पाहिजे? बरोबर आहे, मोबाईल आहेच. २०२३ च्याच जुलैमधी आपल्या सगळ्यांच्या फोनवर तो कर्कश आवाज झाला होता, आठवतं? सरकारची सेल ब्रॉडकास्टची टेस्ट होती ती. पाठवायच्या भागातल्या टॉवरवर जेवढे फोन आहेत त्या सगळ्यांवर एकदम मेसेज जातो, नंबर लागत नाही, नेट लागत नाही, चांगलीच गोष्ट आहे, आणि ती झोपलेल्या माणसाला उठवू शकते जे रेडिओला जमत नाही हे मी मान्य करतो. पण उठवल्यानंतर पुढं काय? मेसेज चार ओळींचा असतो, जिल्ह्यात अतिवृष्टीची शक्यता, सतर्क राहा. मावशीचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. तिला दर दहा मिनिटांनी बदलत जाणारी गोष्ट पाहिजे होती, पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं, कोणता रस्ता सुरू आहे, बोट कुठवर आली. शिवाय टॉवरला पण लाइन लागते. बॅटरीवर तो काही तास चालतो, मग मरतो. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देशांची वीज भरदुपारी एकदम गेली, मेट्रो बंद, सिग्नल बंद, हळूहळू मोबाईलचं नेटवर्कही गेलं, आणि युरोपातली ती माणसं, ज्यांच्या खिशात आपल्याहून महागडे फोन, ती दुकानात ट्रान्झिस्टर आणि सेल घ्यायला रांगा लावून उभी होती. रस्त्यावर कोणाच्या कारचा रेडिओ सुरू असला की भोवती घोळका व्हायचा. एक ट्रान्समीटर, त्याला डिझेल जनरेटर, आणि ऐकणाऱ्याकडे दोन पेन्सिल सेल, एवढ्यावर ते चालतं. ऐकणारे एक लाख झाले काय अन् दहा लाख झाले काय, रेडिओ कधी एंगेज लागत नाही.

रेडिओ आता ऐकतं कोण, हा दुसरा प्रश्न. ऑटोत बसून पहा. पानठेल्यावर उभं राहून पहा. इतवारीत, गांधीबागेत दुकानाच्या मागं माल पॅक करणाऱ्या पोरांना विचारा, रात्रपाळीच्या सिक्युरिटी गार्डला विचारा, सकाळी पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारा. घरात वेगळा रेडिओ कमी झाला हे खरं आहे, पण कारमधी आहे, साध्या बटनवाल्या फोनमधी आहे, आणि बऱ्याच स्मार्टफोनमधी पण एफएमची चिप असते, फक्त कंपनी ती बंद ठेवते. एप्रिल २०२३ मधी केंद्र सरकारच्या आयटी मंत्रालयाने फोन कंपन्यांना सांगितलंच होतं की एफएमची सोय असेल तर ती चालू ठेवा, बंद करू नका, संकटकाळात लोकांना लागते. तो सल्ला होता, सक्ती नव्हती. आता नवीन फोनला इअरफोनचं भोकच नसतं आणि इअरफोनची वायर हाच तर एफएमचा अँटेना. यावर ग्राहक म्हणून आपण पण कधी बोललो नाही, फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल ते विचारतो, एफएम आहे का ते कोणी विचारत नाही.

पण खरी अडचण यंत्राची नाहीच, ती रात्रीची आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट म्हणून एक लहान शहर आहे. १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्रीनंतर तिथं मालगाडी घसरली आणि टाक्यांमधला अमोनिया बाहेर पडला, वायूचा ढग वस्तीवर आला. पोलिसांनी संकटकाळासाठी ठरलेल्या रेडिओ स्टेशनला फोन लावला तर कोणी उचलला नाही. स्टेशन कॉम्प्युटरवर सुरू होतं, गाणी वाजत होती. एक माणूस गेला, शेकडो लोकांना इजा झाली. नंतर दोष कोणाचा यावर मोठा वाद झाला, स्टेशनवाले म्हणे पोलिसांनी अलर्टची यंत्रणा नीट वापरली नाही, लोक म्हणे स्टेशनमधी रात्री माणूसच नसतो, आणि तो वाद तिथल्या संसदेपर्यंत गेला. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मावशीचं वाक्य तेच होतं. आणि लक्षात घ्या, तिथं स्टेशन ठरलेलं होतं. कागदावर सगळं होतं. म्हणजे नुसतं नाव ठरवून भागत नाही, पावसाळ्याचे चार महिने रात्रभर तिथं एक जिवंत माणूस बसवावा लागतो, ज्याला गाणं तोडून बोलायचा अधिकार आहे आणि ज्याच्या टेबलावर महापालिकेच्या कंट्रोल रूमचा थेट फोन आहे. तो फोन आठवड्यातून एकदा वाजवून पाहावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने, रोज रात्रीची एक पाळी, दोन-तीन माणसं आळीपाळीने. एका पुलाच्या दुरुस्तीच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.

यासाठी काही नवीन उभं करायची गरज नाही. सिव्हिल लाइन्समधी आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, त्या चौकाचं नावच आकाशवाणी चौक आहे. स्वतःचा बातम्यांचा विभाग आहे, इंजिनीअर आहेत, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारे निवेदक आहेत. विविध भारती एफएमवर लागतं. त्याशिवाय शहरात चार-पाच खासगी एफएम आहेत. खासगीवाले म्हणतात आम्हाला बातम्यांची परवानगी नाही, आणि हे लोकांनाही वाटतं, पण ते अर्धवट आहे. २०११ च्या एफएम धोरणात स्पष्ट लिहिलंय की हवामान, ट्रॅफिक, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे, स्थानिक प्रशासनाने दिलेले, हे बातमीत मोडत नाहीत, सांगता येतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६७ वाचा, जिल्हा प्राधिकरण म्हणजे कलेक्टरसाहेब सरकारला शिफारस करू शकतात की अमुक माध्यमाला हा इशारा द्यायला सांगा. २०२५ मधी त्या कायद्यात दुरुस्ती होऊन महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करायची पण सोय झाली, अध्यक्ष आयुक्त. मग करार करायला अडतं कुठं? आणि सुप्रीम कोर्टाने १९९५ मधीच सांगून ठेवलंय की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आपल्या मालकीच्या लहरीवर कोणी वर्षभर जाहिराती वाजवून कमावतो तर वर्षातल्या दोन-चार भयंकर रात्री त्याने आपल्यासाठी बोलावं ही अपेक्षा जास्त नाही.

माझं मत विचाराल तर मुख्य जागा आकाशवाणीलाच द्यावी. खासगी स्टेशनं चांगली आहेत, त्यांच्या आरजेंची लोकांशी ओळख आहे, पुराच्या वेळी त्यांनी पण धडपड केली असेल, पण मालक बदलतो, परवाना संपतो, स्टेशनचं नाव बदलतं. आपल्याला तीस वर्षं न हलणारी फ्रिक्वेन्सी पाहिजे. बाकीच्या स्टेशनांनी त्या रात्री फक्त एवढंच म्हणत राहावं की पुराची माहिती अमुक ठिकाणी सुरू आहे, काटा तिकडं न्या. सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं तर पुन्हा तेच होईल, एक म्हणेल फुटला, एक म्हणेल नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथंच आपली सरकारी योजना हमखास घसरते. असं स्टेशन फक्त संकटासाठी ठेवलं तर संकटात कोणाला आठवणार नाही. सवय साध्या दिवशी लागते. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी साडेसातला आणि रात्री साडेआठला, फक्त पाच मिनिटं, नागपूर शहराची कामाची माहिती. उद्या कोणत्या झोनमधी नळ येणार नाही. कोणत्या भागात लाइन बंद राहील, किती ते किती. कोणता उड्डाणपूल रात्री बंद. मे महिन्यात उन्हाचा इशारा. हे पाच मिनिटं लोक ऐकतातच, कारण उद्या टंकी भरून ठेवायची का नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. एक वर्ष हे नेमाने चाललं की बायांच्या तोंडी येतं, लाव गं ते, नळाचं सांगतील. मग ज्या रात्री पूर येईल त्या रात्री तोच आवाज, ठरलेली वेळ सोडून बोलला की ऐकणाऱ्याला आपोआप कळेल की काहीतरी मोठं आहे.

उन्हाचं तर मी म्हणेन पुरापेक्षा जास्त गरजेचं आहे. पूर दहा वर्षांतून एकदा, उन्हाळा दरवर्षी. २०१३ च्या मे महिन्यात आपण ४७.९ डिग्री पाहिलं आहे. आणि ३० मे २०२४ आठवा, देशभर बोंब झाली की नागपुरात ५६ डिग्री! रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या ऑटोमॅटिक स्टेशनचा आकडा होता तो. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तोवर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येऊन गेले होते, लोक घाबरले होते, आणि जे घाबरले नाहीत त्यांना उलट खऱ्या इशाऱ्यांचीही किंमत राहिली नाही, हे जास्त वाईट. त्या दिवशी दुपारी तीनला शहराच्या ओळखीच्या आवाजाने दोन मिनिटं एवढंच सांगितलं असतं की आकडा तपासून राहिलो आहोत, यंत्रात दोष असू शकतो, पण ऊन कडक आहेच, बाहेर काम करणाऱ्यांनी सावलीत थांबा, पाणी प्या, चक्कर आली तर अमुक दवाखान्यात कोल्ड वॉर्ड आहे, तर किती बरं झालं असतं. मार्च २०२५ मधी शहरातल्या महाल भागात दंगल झाली, अकरा पोलीस स्टेशनच्या हद्दीत कर्फ्यू लागला, तेव्हाही असंच. कोणत्या भागात सूट मिळाली, किती ते किती, औषधाचं दुकान सुरू आहे का, दहावीच्या पोराचा पेपर आहे तर त्याला जाऊ देतील का, याची उत्तरं लोक फॉरवर्डमधी शोधत होते आणि त्याच फॉरवर्डमधी अफवा पण येत होत्या. अफवेला फक्त दाबून चालत नाही, तिच्या जागी खरी गोष्ट लगेच ठेवावी लागते.

बोलायचं कसं यावर पण दोन शब्द बोलतोच, कारण मला याची फार चीड आहे. आपल्या सरकारी सूचना कशा असतात? सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहून सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. आता मला सांगा, सखल म्हणजे कोणता भाग? डागा लेआउटमधल्या माणसाला आपण सखल भागात राहतो हे २३ सप्टेंबरच्या आधी माहीत होतं का? आयुष्यभर त्याला वाटलं आपण पॉश एरियात राहतो. सुरक्षित स्थळ म्हणजे कुठं, कोणती शाळा, तिचं गेट उघडलं आहे का, चावी कोणाकडे आहे? त्यापेक्षा असं सांगा न, की अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीवाल्यांनो ऐका, तलावाची भिंत शाबूत आहे, वरून पाणी चाललंय, अजून तासभर वाढू शकतं. खालच्या मजल्यावरचे वरच्या मजल्यावर जा. मेन स्विच बंद करा. बेसमेंटमधी गाडी काढायला उतरू नका. वाहत्या पाण्यात पाय टाकू नका. गॅसचा कॉक बंद करा. म्हातारं माणूस घरात एकटं असेल तर शेजाऱ्यांनी दार वाजवा. आणि मग तेच हिंदीत. नागपुरात निम्मं शहर घराबाहेर हिंदीच बोलतं, छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेले मजूर नाल्याच्या काठानेच राहतात, त्यांना स्थलांतर हा शब्द सांगून काय उपयोग? जपानात कोबेला १९९५ मधी भूकंप झाला तेव्हा तिथं राहणाऱ्या कोरियन आणि व्हिएतनामी लोकांसाठी त्यांच्या भाषेत छोटे एफएम सुरू झाले होते. आपल्याला तेवढं नाही करायचं, एक निवेदक मराठी, एक हिंदी, एवढंच.

आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायचं. तलावाबद्दल पक्की खबर नाही, माणूस पाठवला आहे, दहा मिनिटांनी पुन्हा सांगतो. हे वाक्य ऐकून माणसाला धीर येतो. त्याला कळतं की कोणीतरी जागं आहे आणि दहा मिनिटांनी परत येणार आहे. आपल्या अधिकाऱ्यांना वाटतं की माहिती पूर्ण झाल्याशिवाय बोललो तर पॅनिक होईल. माझा अनुभव उलटा आहे, त्या पहाटे मी पॅनिक झालो ते कोणीच बोलत नव्हतं म्हणून.

पाणी उतरल्यावर काम संपत नाही, खरं तर रेडिओचं मोठं काम तेव्हाच सुरू होतं. आठवडाभर आमची मावशी चिखल उपसत होती. सरकारने पूरग्रस्त घरांना दहा हजार आणि दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली, पण पंचनामा करणारे कधी येणार, कोणते कागद लागतात, भाडेकरूला मिळते का घरमालकाला, हे कोणाला विचारायचं? काका-मावशीसाठी मी ऑफिसला सुट्टी टाकून तीन टेबलं फिरलो आणि तिन्ही ठिकाणी वेगळं उत्तर मिळालं. त्या आठवड्यात रोज अर्धा तास एक अधिकारी स्टुडिओत बसला असता, लोकांचे फोन घेतले असते, एका माणसाला दिलेलं उत्तर हजार जणांनी ऐकलं असतं. भिजलेली फ्रीज-मोटर लगेच चालू करू नका, नळाचं पाणी उकळून घ्या, टँकर कुठं उभा आहे, ही तर साधीच माहिती, पण ती माणसाला दारात पाहिजे असते.

रेडिओ सगळ्यांपर्यंत पोचत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याच पुरात शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बोटीने बाहेर काढावं लागलं. त्या लेकरांना रेडिओचा काय उपयोग? अंथरुणावर पडलेल्या माणसाला नुसतं ऐकून काय उपयोग, त्याला उचलणारं कोणी पाहिजे. म्हणून मला रेडिओ एकटा नको आहे. मेसेज पाहिजे, सायरन पाहिजे, आणि कचरागाडीवर जो भोंगा रोज सकाळी गाणं वाजवत फिरतो त्या भोंग्यावरून तेच शब्द पाहिजेत जे रेडिओवर चाललेत. मशिदीचा भोंगा, बुद्धविहाराचा, मंदिराचा, सगळ्यांनी तेच लावावं. एका माणसाने ऐकावं आणि चार दारं वाजवावीत, असंच ते चालतं. पण त्यासाठी त्या एका माणसाला तरी ऐकायला काहीतरी असायला पाहिजे न.

जिल्ह्याबद्दल बोललो नाही तर अन्याय होईल. आपल्याच जिल्ह्यात नरखेड तालुक्यात मोवाड आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर गावात शिरला आणि दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या आधीच्या पिढीला तो दिवस अजून आठवतो. वरच्या गावात पाणी चढलं ते खालच्या गावाला वेळेत कळणं, एवढ्यावर किती जीव अवलंबून असतात ते मोवाडने दाखवलंय. आकाशवाणीचा आवाज शहराच्या हद्दीवर थांबत नाही, नरखेड, काटोल, रामटेक, मौदा, कुही, सगळीकडे पोचतो. पेंच धरणाचे दरवाजे उघडले तर कन्हान नदीच्या काठच्या गावांना तोच आवाज सांगू शकतो. आणि जिथं तो नीट पोचत नाही तिथं कम्युनिटी रेडिओ आहे, शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही परवाना मिळतो, साताऱ्यात म्हसवडसारख्या दुष्काळी गावात बायांनी तो चालवून दाखवलाय. अमेरिकेत तर नगरपालिका दहा वॅटचं छोटं स्टेशन स्वतः चालवतात, हायवेच्या पाटीवर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते, संकटात इथं लावा. जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर कित्येक गावांच्या नगरपालिकांनी तात्पुरती आपत्ती स्टेशनं उघडली आणि महिनोन्महिने चालवली. तिथं परवाना तातडीने मिळतो. आपल्याकडे परवान्याचे कागद दिल्लीला जाऊन यायला किती वेळ लागतो हे ज्याने अर्ज केला त्यालाच विचारा.

आमच्या बाजूला दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. नाले किती साफ झाले, पंप किती आहेत, धोकादायक झाडं किती तोडली, हे सगळं त्यात येतं. मी धरमपेठ झोनसाठी एक अर्ज लिहिलाय, की या बैठकीत एक विषय वाढवा. आकाशवाणीशी लेखी करार, पावसाळ्यात रात्रपाळीचा निवेदक, कंट्रोल रूमपासून स्टुडिओपर्यंत थेट फोन आणि त्याची दर आठवड्याला चाचणी, दोन्हीकडे जनरेटर, रोजची पाच मिनिटं, आणि फ्रिक्वेन्सीचा आकडा मोठ्या अक्षरात पाणीबिलावर, वीजबिलावर, ‘आपली बस’ या शहर बसच्या पाठीवर, प्रत्येक फ्लॅट स्कीमच्या मीटर रूममधी. शेवटच्या ओळीत लिहिलंय की आकडा ठरला की आम्ही आमच्या वस्तीत घरोघरी जाऊन तो ट्रान्झिस्टरवर रंगाने खूण करून देऊ, महापालिकेने त्याचे पैसे देऊ नयेत.

सह्या सुरू आहेत. मावशीची पहिली आहे, तिच्या खाली काकांची, थरथरत्या हाताची, आणि त्याच्या खाली वरच्या फ्लॅटमधल्या त्या चारही पोरांची. ट्रान्झिस्टर आता आलमारीवर नसतो, वरच्या मजल्यावरच्या घरात ठेवलाय, नवे सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला.